वास्तववादी चित्र आणि आपले घर

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त भरविलेल्या बालचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



प्रदर्शनाची फीत कापून झाली की दोन शब्द बोलावेत आणि मंडळींना चित्रांकडे जाऊ द्यावे, हा रिवाज मला ठाऊक आहे. आज मी तो मोडणार आहे, कारण मला काही खुलासा करावयाचा आहे. गेले पंधरा दिवस काही पालक मला भेटून विचारीत आहेत की यंदाची चित्रे अशी कशी? नेहमीची निसर्गदृश्ये कुठे गेली? प्रश्न रास्त आहे. आजवर आपल्या चित्रकला स्पर्धेचे विषय ठरलेले असत. निसर्गदृश्य, आवडता सण, पावसाळ्यातील एक दिवस. मुलेही ठरलेलेच चित्र काढीत. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली येणारी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी आणि आकाशात चार पक्षी. आपल्या चेन्नईत डोंगर म्हणावा तर परंगीमलैची टेकडी, आणि सूर्य उगवतो तो समुद्रातून. तरीही आपली मुले तो दोन डोंगरांच्या मधूनच उगवलेला काढतात, आणि आम्ही शिक्षक त्याला दहापैकी आठ गुण देतो.

यंदा आम्ही मुलांना एवढेच सांगितले, की जे स्वतः डोळ्यांनी पाहिले असेल ते काढा. हा निर्णय घेण्यामागे माझी एक जुनी चूक आहे. ती या व्यासपीठावरून सांगितल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा त्याचे नाव अजून मद्रास होते. शाळेत सहशिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि पाचवीचा चित्रकलेचा तासही मीच घेत असे, कारण स्वतंत्र कलाशिक्षक नेमण्याची तेव्हा शाळेची ऐपत नव्हती. विषय दिला होता, ‘माझे घर’. वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी इकडे आलेले. सोने-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्या कुटुंबांची मुले आपल्या शाळेत पहिल्यापासून आहेत, आजही समोर बसलेल्यांत अनेक जण त्याच घरांतले आहेत. दुष्काळी भागातून निघालेली ही माणसे सौकारपेटेतल्या अरुंद गल्ल्यांत एका खोलीत भट्टी मांडून राहिली. (सौकारपेट म्हणजे सावकारांची पेठ, आपल्या गावाकडे ज्याच्या भीतीने माणसे घर सोडीत, त्याच्याच नावाच्या पेठेत येऊन पोट भरावे लागावे, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.)

त्या मुलाने आपली खोली काढली होती. मध्ये भट्टी, तीत लाल झालेली मूस. हातात सांडशी घेतलेले, नाकातोंडावर ओला पंचा बांधलेले वडील. तेजाबाचा तपकिरी धूर खिडकीतून बाहेर निघालेला. वर माळ्यावर चढणारी आई, तिच्या कडेवर लहान बहीण. भिंतीवर लक्ष्मीचे कॅलेंडर. लक्ष्मीच्या हातातले कमळ त्याने करड्या रंगाने रंगविले होते. मी विचारले, “कमळ असे असते का?” तो म्हणाला, “बाई, आमचं असंच हाय.”

मी त्याला सांगितले, “घर असे काढतात होय? पुन्हा काढ आणि स्वच्छ काढ.” त्याने दुसऱ्या दिवशी दोन डोंगर, सूर्य आणि झोपडी काढून आणली. तिला तिसरे बक्षीस मिळाले. बक्षीस मीच दिले.

त्या दिवशी मला काही चुकल्यासारखे मुळीच वाटले नाही. काही वर्षांनी, एम.ए. नंतरच्या वाचनासाठी मी अण्णा सालैवरच्या अमेरिकन ग्रंथालयात जात असे, तेव्हा तेथे अमेरिकन चित्रकलेचे एक मोठे पुस्तक हाती आले. इंग्रजी वाङ्मयातील वास्तववाद समजून घेण्यासाठी मी ते उघडले होते. त्यात टॉमस इकिन्स या चित्रकाराचे १८७५ सालचे एक चित्र होते. फिलाडेल्फिया शहरातील डॉक्टर सॅम्युअल ग्रॉस विद्यार्थ्यांसमोर एका तरुणाच्या मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया करीत आहेत. डॉक्टरांच्या कपाळावर उजेड, आणि शस्त्र धरलेला हात रक्ताने माखलेला. बाजूला एक स्त्री, बहुधा रोग्याची आई, हातांनी तोंड झाकून अंग चोरून बसलेली. पुढच्याच वर्षी, १८७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करण्यासाठी त्याच शहरात भव्य प्रदर्शन भरले. परीक्षकांनी हे चित्र कलादालनात लावण्यास नकार दिला. रक्त असलेले चित्र सभ्य माणसांनी कसे पाहावे! अखेर ते लष्करी इस्पितळाच्या विभागात, खाटांच्या आणि औषधी उपकरणांच्या सोबतीला टांगण्यात आले.

हे वाचले आणि मला तपकिरी धूर आठवला. ‘पुन्हा काढ, स्वच्छ काढ’ हे मी एकटीनेच म्हटले होते असे नाही, एवढे समाधान मिळाले. पण त्या परीक्षकांच्या पंगतीत आपण बसलो आहोत हे काही सुखाचे नव्हते. त्या चित्राची पुढची हकीकतही सांगण्याजोगी आहे. १८७८ साली ते अवघ्या २०० डॉलरना त्याच वैद्यकीय महाविद्यालयासाठी विकत घेतले गेले. २००६ साली ते ६ कोटी ८० लाख डॉलरना शहराबाहेर विकले जाणार असे जाहीर झाले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून ते गावात राखले. ज्या गावाला ते लाजिरवाणे वाटले होते, त्याच गावाला पुढे ते आपले वाटू लागले.

वास्तववादी चित्र म्हणजे हुबेहूब चित्र, असे आपण मुलांना सांगतो. ते अर्धेच खरे आहे. डोंगर-सूर्य-झोपडीही हुबेहूब काढता येते. वास्तववादाचा खरा प्रश्न चित्रात कोणाला येऊ द्यायचे हा आहे. कोणाचा चेहरा, कोणाचे काम, कोणाची खोली चित्राच्या योग्यतेची, आणि हे ठरविणारा कोण? या प्रश्नाचे धागे आपल्या मराठी माणसांपर्यंत आणि या आपल्या शहरापर्यंत येऊन पोहोचतात, म्हणून मी अमेरिकेतून आता घराकडे वळते.

आपण सहलीला दर दोन वर्षांनी तंजावरला जातो. सरस्वती महालात मुले ताडपत्रे पाहून पुढे सरकतात. पण त्या संग्रहात दुसरे सरफोजी महाराज यांच्या काळातील एक निराळी ठेव आहे. नेत्ररोग्यांची टिपणे आणि त्यांच्यासोबत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या मराठी राजाला वैद्यकाची इतकी आवड होती की त्याने धन्वंतरी महाल स्थापन केला आणि नेत्रचिकित्सेत जातीने लक्ष घातले. डोळ्यावर आलेला सारा, सुजलेली पापणी, तांबारलेली बुबुळाभोवतीची जागा, जे जसे दिसले ते तसे चिताऱ्याकडून काढून घेतले. ज्या दरबारात सोन्याचा वर्ख आणि खडे जडविलेली तंजावर शैलीतील देवदेवतांची चित्रे होत होती, त्याच दरबारात हेही होत होते. चिताऱ्याने त्या डोळ्याला सुंदर केले असते तर वैद्याचा काही उपयोग झाला नसता. इकिन्सच्या चित्राआधी अर्धशतकाहून अधिक काळ, आपल्याच तंजावरात, न लाजता पाहण्याची ही शिस्त होती याचा आपल्याला पत्ताही नसतो.

याच तंजावरी मराठी परंपरेतले दुसरे नाव राजा सर टी. माधवराव यांचे. जन्म १८२८, कुंभकोणमचा. शिक्षण मद्रासचे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले आणि १८९१ साली याच शहरात त्यांचे निधन झाले. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यांचे आणखी एक कार्य मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. त्रावणकोरच्या एका चित्रकाराला त्यांनी बडोद्याची वाट दाखविली. तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा.

रविवर्म्याच्या कीर्तीची पहिली पायरी मद्रासच आहे. १८७३ साली येथील प्रदर्शनात केसांत फुलांची माळ माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले, आणि तेच चित्र व्हिएन्नालाही गौरविले गेले. नखशिखान्त दागिन्यांनी मढलेली राणी त्यात नव्हती. घरात केस विंचरून सजणारी एक स्त्री होती. पुढे माधवराव बडोद्यास असताना त्यांच्या निमंत्रणावरून तो तेथे गेला. सयाजीरावांनी रामायण-महाभारतातील प्रसंगांवर त्याच्याकडून १४ चित्रे करून घेतली. आणि माधवरावांनीच त्याला सुचविले होते की तुमच्या चित्रांची मागणी एवढी आहे की ती एका हाताने पुरी होणार नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढवून घ्या. रविवर्म्याने शेवटी युरोपास न पाठविता मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, १८९४ साली. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. जर्मन कारागीर, दगडी शिळा, एकेका रंगासाठी वेगळी शीळ. त्या शिळांवरून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत गेली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंतच काय, दारापर्यंतही जाता येत नव्हते, त्यांच्या भिंतीवर देवी आली. खानापूरच्या खोलीत आली, तशीच सौकारपेटेच्या खोलीतही आली.

आणि ती कोणत्या वेषात आली? केरळच्या या चित्रकाराने देशभर हिंडून, देवीला आणि पुराणातल्या नायिकांना कोणते वस्त्र शोभेल याचा विचार केला. पुष्कळ ठिकाणी त्याने निवडले ते आपल्याकडील साडीचे नेसणे. दमयंती असो की मोहिनी, त्यांच्या निऱ्यांत आणि पदरात आपली आजी ओळखू येते. आपल्याला वाटते, देवी पूर्वीपासून अशीच नेसत होती! वास्तववादाची ही दुसरी बाजू आहे. तो जे आहे ते दाखवितो, आणि जे नव्हते तेही आहे असे वाटायला लावतो. आज चेन्नईतील तमिळ घरात आणि सांगलीतील मराठी घरात एकच लक्ष्मी आहे. ती मल्याळी हातांनी रंगविलेली आणि मुंबईच्या शिळांवर छापलेली आहे, आणि तिचे छाप काढण्याची सूचना एका तंजावरी मराठी दिवाणाची होती. आपण या शहरात ‘बाहेरचे’ आहोत की नाही, या वादात पडणाऱ्या आपल्या तरुणांनी ही हकीकत एकदा ऐकून ठेवावी.

आता पुन्हा अमेरिका. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. त्याला जोडून झालेल्या सर्वधर्म परिषदेसाठी मद्रासच्या तरुणांनी वर्गणी जमवून स्वामी विवेकानंदांना पाठविले, हे येथील प्रत्येक मूल जाणते. त्याच प्रदर्शनाला रविवर्म्यानेही १० चित्रे पाठविली होती. त्यांत देशातील निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया होत्या, मुंबईची गायिका होती, रस्त्याच्या कडेला बसलेले एक भटके, दरिद्री कुटुंब होते. एका चित्रात केरळी वेषातील तरुणी कडेवर मूल घेऊन उभी आहे आणि बाजूला पाहते आहे. नाव, ‘ते पाहा बाबा आले’. हे चित्र त्याने स्वतःच्या मुलीवरून आणि नातवावरून काढले. केरळात त्या काळी मातृकुळाची रीत होती. मुले आईच्या घरची, आणि वडील येऊन-जाऊन असत. हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रात न दिसणाऱ्या त्या बाबांची वाट पाहणे किती निराळे होते ते समजते. एका बदलत्या घराचे ते चित्र आहे.

शिकागोच्या परीक्षकांनी रविवर्म्याला पारितोषिके दिली. का दिली? त्यांच्या अभिप्रायात पोशाखांच्या, वस्तूंच्या बारकाव्यांची वाखाणणी आहे आणि ही चित्रे मानववंशाच्या अभ्यासाला मोलाची आहेत असे म्हटले आहे. म्हणजे चित्रकाराने आपली मुलगी दाखविली. पाहणाऱ्याने त्यात हिंदुस्थानातील स्त्रीचा एक नमुना पाहिला. मला त्या परीक्षकांचा राग येत नाही. मी पाचवीच्या वर्गात तेच केले होते, फक्त उलट बाजूने. त्यांना चित्रात तपशीलच दिसला, घर दिसले नाही. मला तपशील नको होता, म्हणून घर दिसले नाही.

अमेरिकेतील चित्रकारांची पुढची पिढी मात्र खोल्यांत आणि गल्ल्यांत शिरली. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेन्री, जॉन स्लोन आदी मंडळींनी गरीब वस्त्या, दारूचे गुत्ते, गजबजलेले रस्ते रंगवायला घेतले. टीकाकारांनी त्यांना राखेच्या डब्याचे चित्रकार म्हणून हिणविले आणि तेच नाव इतिहासात टिकले. स्लोनचे १९१२ सालचे एक चित्र माझ्या फार आवडीचे आहे. रविवारची दुपार, गच्चीवर तीन स्त्रिया केस वाळवीत आहेत, मागे दोरीवर धुतलेले कपडे. आपल्या वाड्यांच्या गच्चीवर, इथल्या भाषेत मोट्टै माडीवर, शुक्रवारी नाहून केस सुकविणाऱ्या बायका मी तीस वर्षे पाहते आहे. त्या चित्रात नि आपल्या गच्चीत सांबार-मुरुक्क्याच्या वासाचा काय तो फरक.

कोल्हापूरची असल्यामुळे माझ्या गावाबद्दलही एक वाक्य बोलण्याची परवानगी असावी. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत रंगवीत चित्रपटाकडे वळले, स्वतः कॅमेरा घडविला, आणि १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या बोलपटपूर्व गर्दीत हा मूकपट एका शेतकऱ्याचा होता. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहराकडे निघतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पडद्यावरचा तो शेतकरी गिरणीच्या गावी गेला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तशाच कारणाने मद्रासच्या गाडीत बसले. वास्तव चितारण्याची ही धाटणी बाबूरावांना चित्रकलेतून मिळालेली होती, हे मी कोल्हापूरकर या नात्याने अभिमानाने सांगते.

अजून एकच चित्र, कारण ते शाळेचे आहे. नॉर्मन रॉकवेल हा अमेरिकेचा अतिशय लोकप्रिय चित्रकार. एका प्रसिद्ध साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर त्याने १९१६ पासून १९६३ पर्यंत अमेरिकेचे गोड, हसरे, टापटीप कुटुंबजीवन रंगविले. आपल्या भाषेत सांगायचे तर डोंगर-सूर्य-झोपडी, पण उत्तम हाताने काढलेली. त्या साप्ताहिकात कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा तर नोकराच्या कामावरच, अशी अट असे, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. ते साप्ताहिक सोडल्यावर, सत्तरीला टेकलेल्या या माणसाने १९६४ सालच्या जानेवारीत दुसऱ्या एका नियतकालिकात एक चित्र प्रसिद्ध केले. पांढऱ्या झग्यातली, हातात वह्या आणि पट्टी घेतलेली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शाळेत चालली आहे. पुढे-मागे चार सरकारी अंमलदार. मागच्या भिंतीवर फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग आणि एक शिवी. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत पहिले पाऊल टाकणाऱ्या रूबी ब्रिजेस या बालिकेचे ते चित्र.

त्यात दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. अंमलदारांची डोकी चौकटीबाहेर कापली गेली आहेत, कारण सारे चित्र त्या मुलीच्या उंचीवरून पाहिलेले आहे. आणि टोमॅटो फेकणारा जमाव चित्रात कुठेच नाही. तो जेथे उभा असणार, तेथे नेमके आपण, पाहणारे, उभे असतो. ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ते पुस्तक मिटून ठेवले आणि काही वेळ खिडकीबाहेरची रहदारी पाहत बसले. शाळेत प्रवेश देणारी, हजेरी घेणारी, गुण देणारी माणसे आम्हीच. आम्ही नेहमी मुलांच्या उंचीवरून पाहतोच असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही.

मरीनावर आपण सगळेच जातो. चार मजूर एक मोठा धोंडा पहारीने सारीत आहेत, तो पुतळा, उळैप्पाळर सिलै, मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य देवीप्रसाद रॉय चौधरी यांचा आहे. १९५९ पासून तो समुद्राकडे तोंड करून असलेल्या आपल्या मुलांच्या पाठीशी उभा आहे. मुले त्याच्यासमोर भजी खातात, फोटो काढतात. पण शाळेत ‘मरीना’ काढायला सांगितले की होडी, लाटा आणि सूर्य. एकाही मुलाने आजवर तो पुतळा काढला नव्हता. यंदा तिघांनी काढला आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळ. एकाने चारांऐवजी पाच मजूर काढले आहेत. विचारले तर म्हणाला, पाचवे माझे मामा आहेत.

आता त्या मुलाविषयी. महोत्सवासाठी जुनी कागदपत्रे लावताना बक्षीसपात्र चित्रांची एक फाईल सापडली. डोंगर-सूर्य-झोपडी तीत जपून ठेवलेली आहे. मागे माझी सही, ‘तृतीय’. पहिले चित्र अर्थात नाही. ते मी परत केले होते. मी त्याचा शोध घेतला. आज तो कोइंबतूरला आहे, त्याची स्वतःची गलाईची पेढी आहे, दोन मुले आहेत. मी दूरध्वनी केला, भीतभीतच, आणि त्या चित्राविषयी विचारले. त्याला ते आठवत नव्हते. भट्टी, धूर, करडे कमळ, काहीच नाही. त्याला आठवत होती ती झोपडी. “बाई, मला त्याची कंपासपेटी मिळाली होती ना! अजून आहे घरी,” तो मोठ्या आनंदाने म्हणाला. मी क्षमा मागण्यासाठी जुळवलेली वाक्ये तशीच राहिली. इतक्या वर्षांनी त्या खोलीचे चित्र आता फक्त माझ्याजवळ आहे, आणि मला चित्र काढता येत नाही.

म्हणून यंदा ‘पाहिलेले काढा’. पाण्याच्या लॉरीपुढे लावलेल्या रंगीत कुडांची रांग आहे. २०१५ च्या डिसेंबरातील पुरात गच्चीवर काढलेली रात्र आहे, तीत मेणबत्ती एकच आहे आणि माणसे अकरा आहेत. तमिळ शेजारीण आणि आपली आजी एका पाट्यावर वाटण वाटत आहेत. परीक्षक नाहीत, क्रमांक नाहीत. यावर काही पालक नाराज आहेत हेही मला ठाऊक आहे. बक्षिसावाचून मुले मेहनत करीत नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे; ते सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणत नाही. बघू या.

एक खुलासा राहिला. चित्रे १ ते ८४ अशी लावली आहेत, पण २७ क्रमांकाची जागा रिकामी आहे. गेल्या शुक्रवारी त्या चित्रातील विद्यार्थिनीची आई मला भेटावयास आली होती. चित्र चांगले आहे, खरे आहे, पण गावाकडची माणसे समारंभाला येणार आहेत, त्यांनी ते पाहू नये, असे त्या माऊलीने सांगितले. मी तिला इकिन्सची, रॉकवेलची गोष्ट सांगू शकले असते. इकिन्सच्या चित्रातील तोंड झाकून बसलेली ती स्त्री मला आठवली, आणि मी काही बोलले नाही. मुलीला विचारले. तीही म्हणाली, “बाई, काढा ते.” चित्र मी स्वतः उतरविले आणि गुंडाळी करून आईच्या हाती दिले. तीत काय होते हे मी सांगणार नाही, आणि कृपया कोणी मुलांना विचारू नये.

पहिल्या मजल्यावर डाव्या हाताने सुरुवात करावी. २६ नंतर एकदम २८ आलेला दिसला, तर मोजदाद चुकली असे समजू नये.